ढवळेमामांचं बकासन

आमच्या कारखान्यात बकासनाला रिव्हिजन नंबर आहे. शून्य तीन. त्या कागदावर तयार करणाऱ्याची सही आहे, तपासणाऱ्याची सही आहे, आणि तो फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलाशेजारच्या फळ्यावर 'मशीनला हात लावण्यापूर्वी' आणि 'आग लागल्यास' या दोन सूचनांच्या मधोमध लावलेला आहे. नव्याने लागलेल्या मुली तो वाचून आधी हसतात. मग आम्ही त्यांना उकिडवं बसायला सांगतो.

हे सगळं ढवळेमामांमुळे. मामा दौंड तालुक्यातल्या कासुर्डीचे. आठवडाभर कारेगावात भाड्याच्या खोलीत राहायचे आणि सुट्टीला गावी जायचे. मी घोडकाठच्या इनामगावची सून. डिप्लोमा करून मी क्वालिटीत लागले, तेव्हा मामांचं निम्म्याहून जास्त आयुष्य त्याच टेबलावर गेलेलं होतं. बुटकी मूर्ती, थोडं सुटलेलं पोट, मनगटं मात्र पैलवानाची. वरच्या खिशात भिंग, खालच्या खिशात स्टीलची पट्टी, आणि कपाळावर चढवलेला चष्मा, जो ते दिवसातून दोनदा सगळीकडे शोधायचे.

आम्ही गाडीच्या इंजिनात बसणाऱ्या बोटाएवढ्या पिना बनवतो. पिन मशीनवर बनते, पण कारखान्याच्या बाहेर पडते ती इन्स्पेक्टरच्या डोळ्यांखालून. मामांचं एकच ब्रह्मवाक्य होतं, "बघितल्याबिगर पास न्हाई." माझ्या पहिल्याच महिन्यात मी एक ट्रे तपासून हिरवा टॅग लावला. मामा आले, ट्रे टेबलावर उपडा केला आणि एकेक पिन दिव्याखाली फिरवून बघत बसले. सगळ्या बघून झाल्यावर पुन्हा ट्रेमध्ये रचून ठेवल्या.

"काय चुकलं का, मामा?" मी विचारलं.

"न्हाई. सगळ्या बरोबर हायेत."

"मग?"

"तू बघितल्या व्हत्यास. मी कुठं बघितल्या व्हत्या?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या डब्यातली मेथीची भाजी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "बघून खा, काडी बिडी आसंल." राग कुठल्या कुठे गेला. पण खरं सांगते, त्यानंतरही मी पास केलेल्या ट्रेकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही असं एकदाही झालं नाही. माझंच असं नाही, सगळ्यांचंच. साहेबांनी तपासलेलंसुद्धा ते तपासायचे, फक्त साहेबांची पाठ फिरल्यावर.

घरीही तेच. लेकीच्या साखरपुड्यात आम्ही कारखान्यातली पाच-सहा जणं गेलो होतो. जावयाची अंगठी ताटात ठेवलेली, भटजी मंत्र म्हणताहेत, आणि मामांनी खिशातून व्हर्नियर, म्हणजे पिना मोजायचं माप, काढून अंगठी दोन बाजूंनी मोजली. व्याही म्हणाले, "पाव्हणं, काय बघताय?" मामा म्हणाले, "गोल न्हाई ही. जरा दबलीय." व्याही गोरेमोरे झाले. कमलमामी, म्हणजे मामांची बायको, पुढे आल्या, त्यांच्या हातातलं व्हर्नियर काढून आपल्या पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "बोट तरी कुठं गोल आसतंय?" सगळा मांडव हसला आणि साखरपुडा सुखरूप पार पडला.

आता बकासन. एका योगदिनाला कंपनीने पुण्याहून एक शिक्षिका बोलावल्या होत्या. सूर्यनमस्कार, ताडासन असं सगळं झाल्यावर जाता जाता त्यांनी बकासन करून दाखवलं. उकिडव्या बसल्या, तळहात जमिनीला टेकवले, गुडघे दंडांवर ठेवले, पुढे झुकल्या आणि दोन्ही पाय सहज हवेत. आम्ही टाळ्या वाजवल्या. मामांनी वाजवल्या नाहीत. ते चटईपाशी जाऊन खाली वाकले आणि पायांच्या बोटांखालून पलीकडचं दिसतंय का ते बघून आले. परत येऊन मला म्हणाले, "गॅप हाय. पास."

त्या दिवसापासून ते त्या आसनाच्या मागेच लागले. ड्रॉइंग वाचावं तसं त्यांनी ते वाचलं. कोण कुठल्या क्षणी पडतं, कोणाची कोपरं बाहेर पळतात, कोण वजन पुढे न नेता नुसतेच पाय उडवतं, हे ते जमिनीवर पालथं पडून बघायचे. शिफ्ट सुरू होण्याआधी दहा मिनिटं व्यायामाची असतात. बाकीची लाइन हात वर-खाली करत असायची आणि आमच्या टेबलाजवळ मामांचा वर्ग भरायचा. मालाच्या पॅकिंगमधला फोमचा तुकडा नाकाखाली ठेवायचा, ही त्यांची स्वतःची युक्ती.

"पाय उचलू नगा," ते सांगायचे. "उचलायला गेलं की पडतंय. वजन म्होरं न्या, पाय आपसूक हलकं व्हत्यात. आन् नजर म्होरं. हातभर लांब. घोडनदीच्या कडंला बगळा बघितलाय का? तो मासा बघतो. सोताचं पाय बघत बसत न्हाई."

यथावकाश त्यांनी त्याचा कागद केला. कारखान्यात कुठलंही काम कसं करायचं याचा एक कागद असतो, तसाच. पायऱ्या सहा. सेफ्टीच्या रकान्यात: 'चष्मा, मोबाइल, ओळखपत्र काढून ठेवावे. मनगट दुखावलेले असल्यास, बी.पी. असल्यास किंवा दिवस गेलेले असल्यास आसन करू नये, इतरांचे श्वास मोजावेत.' फायद्यांच्या रकान्यात: 'मनगट, खांदे, पोट. मनाचे फायदे: करून बघावे.'

मी करून बघितलं. पिना फिरवून फिरवून दुपारनंतर माझ्या उजव्या मनगटाला मुंग्या यायच्या, त्या काही महिन्यांत कमी झाल्या. हा गुण बकासनाचा की त्याआधी मामा मनगटं फिरवून घ्यायचे त्याचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही; मामांच्या हाताखाली शिकलेय. टेबलावर कुबड काढून बसायची सवय मात्र नक्की गेली. आणि मनाचं म्हणाल तर, हातांवर उभं असताना त्या पाच श्वासांत पोराचा डबा, सासूबाईंचा फोन, सुपरवायझरचा चेहरा यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. आठवलं की नाक फोमवर. सकाळी सकाळी सगळ्यांसमोर एकदा नाकावर पडलं की दिवसभर कशाची भीतीही वाटत नाही.

एकेक करत आमच्या शॉपमधल्या, म्हणजे आमच्या विभागातल्या, बहुतेक जणींना बकासन यायला लागलं. संगीता साबळे म्हणून आमची पॅकिंगमधली मैत्रीण आहे, ती तर वीस-वीस श्वास राहायची. फक्त एका माणसाला ते येत नव्हतं. ढवळेमामांना.

कारण एकच. मामा छान बसायचे, हात बरोबर, गुडघे बरोबर, वजन पुढे यायचं, पायांची बोटं हलकी व्हायची, आणि नेमक्या त्या क्षणी मामा मान खाली घालून दोन्ही हातांमधून मागे बघायचे. पाय उचलले का ते तपासायला. मान खाली गेली की डोकं जड, आणि मामा फोमवर. दर वेळी. संगीता म्हणायची, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." मामाही हसायचे, नाक चोळत.

"आवं पण मामा, म्होरं बघा ना," आम्ही म्हणायचो.

"म्होरं बघितलं तर पाय कोन बघंल?"

एकदा मी मोबाइलवर व्हिडिओ काढला, म्हटलं, आता तुम्ही पुढे बघा, पाय नंतर निवांत बघा. मामांनी कबूल केलं, आणि पुन्हा मान खाली. नंतर तो व्हिडिओ त्यांनी भिंगातून बघितला. "उचलल्यालं न्हाईत," म्हणाले, आणि टेबलावरचा नापास मालाचा लाल टॅग घेऊन स्वतःच्याच बाहीला लावला. दिवसभर तसेच फिरले.

मग ग्राहक कंपनीचे ऑडिटर आले. चेन्नईहून. हे साहेब शॉपमध्ये शिरले की प्लांटहेडपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे आपापली ओळखपत्रं सरळ करतात. ते फळ्यासमोर थांबले आणि मामांचा कागद त्यांना दिसला. तो काढून ठेवायला सगळे विसरले होते.

"ये क्या है?"

आमच्या साहेबांनी डोळे मिटून घेतले. मामा पुढे झाले. "साब, बकासन. उसका वर्क इन्स्ट्रक्शन है."

ऑडिटरनी तो कागद शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचला. चित्रंही बघितली. आणि विचारलं, "इसका रिव्हिजन नंबर किधर है?"

नव्हता. त्यांनी वहीत नोंद केली. मग म्हणाले, फळ्यावर कामाचा कागद आहे म्हणजे ते काम कोणाकोणाला येतं त्याचा तक्ताही असेल. आमचे साहेब 'नाही' म्हणणार तोच मामांनी ड्रॉवरमधून तक्ता काढून दिला. हा तक्ता कारखान्यात प्रत्येक कामाचा असतो. दर नावापुढे एक गोल, गोलाचे चार भाग. पहिला काळा केला म्हणजे काम समजलं, दुसरा म्हणजे कोणाच्या देखरेखीखाली सराव चालू आहे, तिसरा म्हणजे स्वतःचं स्वतः जमतं, चौथा म्हणजे दुसऱ्याला शिकवता येतं. मामांनी बकासनाचाही तक्ता केला होता आणि स्वतःच्या गोलात पहिला, दुसरा आणि चौथा भाग काळा केला होता. तिसरा कोरा.

ऑडिटरनी त्यावर बोट ठेवलं. "ये ढवळे कौन है? तीसरा खाली, चौथा भरा हुआ. जो खुद नहीं कर सकता, वो सिखाता कैसे है?"

"मैं हूँ, साब," मामा म्हणाले. "मुझे करने को नहीं आता. पण देखने को आता है."

त्या उत्तरावर ऑडिटर हसले. पण हसत हसत त्यांनी लिहिलंच. महिन्याभरात तक्ता दुरुस्त करून कळवा, नाहीतर शिकवणारा बदला.

ते गेल्यावर साहेब मामांना म्हणाले, "मामा, एवढासा भाग. पेनाने काळा करा आणि विषय संपवा. कोण बघायला येतंय?"

"दुसरं कोन कशाला? मी बघतोय की."

"अहो, योगासन आहे. पिन नाही."

"साहेब, मला दीड वर्षानं घरी जायचंय. आजवर कवा न झाल्यालं झालं म्हनून ल्हिलं न्हाई. आता शेवटाला त्यापायी ल्हू?"

तोपर्यंत मामांचं न जमणारं बकासन ही आमची रोजची करमणूक होती. त्या दिवशी कळलं की मामांना तो कोरा भाग रोज टोचत होता, आणि खोटा भरण्यापेक्षा टोचलेला त्यांना चालत होता.

महिनाभर त्यांनी जीव तोडून प्रयत्न केले. सकाळी, जेवणाच्या सुट्टीत, शिफ्ट सुटल्यावर. गळ्यात पट्टा घालून मान अडवायचा उपायही करून झाला. मग ते नुसते डोळे खाली वळवायचे आणि मागोमाग अख्खे मामा खाली जायचे. एकदा डोळ्यांवर रुमाल बांधला. तेव्हा तर त्यांनी वजन पुढे न्यायलाच नकार दिला. "आंधळ्याचं काम न्हाई हे," म्हणाले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही सगळी जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्टीच्या कडेने गोल उभी राहिलो होतो. मामांनी तीनदा केलं आणि तीनदा नाक फोमवर. चौथ्यांदा ते उठले, तक्ता मागवला, स्वतःच्या गोलातला चौथा भाग पांढऱ्या शाईने पुसला, आणि संगीताच्या गोलातला चौथा भाग काळा केला.

"आजपासनं ही शिकवंल," म्हणाले.

संगीताच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामा, मी तुम्हाला काय शिकवणार?"

"मला वाटंल ते शिकव. पन कागदाला रिव्हिजन नंबर टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा शिकणाऱ्यांच्या रांगेत उभे होते. सगळ्यात शेवटी, बाह्या दुमडून. त्यांचा चेहरा पडला असेल या भीतीने मी बघायचं टाळत होते, आणि बघितलं तर गडी खुशीत. आता त्यांना कोणाचे पाय बघायची जबाबदारी नव्हती. तरी ते शेजारणीचे बघायचेच, आणि संगीता ओरडायची, "मामा, स्वतःच्या चटईवर." मामा म्हणायचे, "व्हय बाई," आणि पडायचे. असा दीड वर्षभर आमचा गुरू आपल्याच शिष्येच्या हाताखाली रोज सकाळी पडला आणि रोज हसत उठला. बकासनाचा याहून मोठा फायदा मला तरी माहीत नाही.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी शाल, श्रीफळ, पेढे, भाषणं सगळं झालं. शाल खांद्यावर पडल्या पडल्या मामांनी तिची शिवण उलटी करून बघितली. साहेबांनी भाषणात त्यांना 'कंपनीचा तिसरा डोळा' म्हटलं. शेवटी मामा बोलायला उठले आणि एवढंच म्हणाले, "सगळ्यांनी लई सांभाळून घेतलं. माझं एक काम ऱ्हायलंय, ते तुम्हाला म्हाईत हाय. घरी जाऊन करीन. झालं की कळवीन." सगळे हसले. मला नाही हसू आलं. माणूस इतकी वर्षं काम करून बाहेर पडतो आणि त्याला राहिलेलं काम म्हणून तेवढंच आठवतं, याने मला भरून आलं.

वर्षभर काही निरोप आला नाही. मी फोन केला की मामा म्हणायचे, "बरं हाय. ते? न्हाई अजून."

गेल्या थंडीत मी दौंडला नणंदेकडे गेले होते. परतताना वाट वाकडी करून कासुर्डीला उतरले. सकाळचे आठ-साडेआठ वाजले असतील. हायवेवरून आत शिरलं की उसाच्या फडांमधून त्यांच्या वस्तीवर जायचा रस्ता आहे. कमलमामी अंगणात ज्वारी वाळत घालत होत्या. मला बघून त्यांनी हाक दिली, "आवं, कारेगावची आलीया." आणि मला म्हणाल्या, "बरं झालं आलीस. आता निसलेली भाजी ह्यांनी परत निसायची, दळण आणलं की परत चाळायचं. कंपनीनं पाठवलं, पन कंपनी काय सुटली न्हाई."

मामा ओसरीवरून उतरले. वाळले होते थोडे. पोट कमी झालं होतं. चहा झाला, संगीताची, साहेबांची, नव्या मशीनची चौकशी झाली. मग माझ्याच्याने राहवलं नाही.

"मामा, जमलं का?"

"कवा कवा वाटतंय जमलं. पन कळत न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी खाली बघितलं की पडतोय. न्हाई बघितलं तर जमलं का न्हाई ते कसं कळायचं?" मग जरा वेळाने म्हणाले, "मामीला सांगितलं बघायला, तर ती म्हनती, मला सैपाक हाय."

मी मोबाइल काढला. म्हटलं, करा, मी व्हिडिओ काढते.

मामांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, दिव्याखाली पिन धरून बघायचे तसं. आणि म्हणाले, "मोबाइल ठेव आत. तू बघ."

मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. आणि अंगणात खाली बसले, त्यांच्या पायांखालून पलीकडचं बघता येईल अशी.

मामांनी अंगणात गोधडीची चौघडी घालून ठेवली, चष्मा ओसरीवर ठेवला आणि उकिडवे बसले. तळहात टेकवले, बोटं पसरली. गुडघे दंडांवर, काखेजवळ. समोर हातभर अंतरावर मामींची ज्वारी पसरलेली होती. मामांनी नजर तिच्यावर ठेवली आणि वजन पुढे न्यायला लागले. तेवढ्यात एक कोंबडी आली आणि त्यांच्या नाकासमोरच ज्वारी टिपायला लागली. आतून मामी ओरडल्या, "आवं, तिला हाकला की." मामा हलले नाहीत. मी पण हलले नाही. मी पायांच्या बोटांकडे बघत होते. उजवा अंगठा सुटला. मग डावा. दोन्ही पायांखाली कासुर्डीची माती दिसली, आणि पलीकडे उन्हात उभा असलेला ऊस दिसला.

मामांचे दंड थरथरत होते, कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि नजर समोर कोंबडीवर होती.

"उचलल्यात का गं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"उचललेत, मामा. दोन्ही."

"बरं," मामा म्हणाले, आणि खाली न बघता तसेच राहिले.